धाकटीसाठी साउंडकार्ड

यंत्राने माणसापेक्षा चांगले वाचावे हे मला मान्य नाही. आणि माझ्यापेक्षा चांगले वाचावे हे तर मी मुळीच खपवून घेणार नाही. चौतीस वर्षे मी शाळेत मोठ्याने वाचून दाखवले, त्यांपैकी अकरा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. पहिल्या बाकावरच्या मुलाला जितके स्पष्ट ऐकू जाई तितकेच शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही जाई, आणि त्यासाठी मला ध्वनिक्षेपकाची गरज कधी भासली नाही. असे असताना माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने मला फोनवर सांगावे:

"ताई, मोबाइलमधली ती बाई काय छान वाचते गं! थकतसुद्धा नाही."

"कोण बाई?"

"अगं, खरी बाई नव्हे. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की आपलं आपण वाचणारं यंत्र असतं ना, ते."

"पूर्णविरामाला थांबते?"

"थांबते की. सगळीकडे सारखंच थांबते."

सारखेच! वाक्य आनंदाचे असो की मरणाचे, थांबणे सारखेच. मी फोन ठेवला तो विचार करूनच ठेवला.

धाकटीची दृष्टी गेल्या वर्षभरात गेली. आधी अक्षरे गेली, मग चेहरे, आणि आता खिडकी कुठे आहे एवढेच तिला कळते. ती तिच्या मुलाकडे, दुसऱ्या गावी असते. येथून गाडीने जायला पुरा दिवस मोडतो. तिने माझ्याकडे येऊन राहावे, अशी माझी इच्छा आहे. आमच्या घरातली मागची खोली रिकामी आहे, हवेशीर आहे, आणि मी त्या खोलीला इतर कोणत्याही कामासाठी हात लावू दिलेला नाही. मी तिला तसे दोनदा विचारले. दोन्ही वेळा ती "बघू" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारणे माझ्या स्वभावात नाही. शाळेत मी कोणालाही दोनदाच विचारत असे, तिसऱ्या वेळी पालकांना बोलावून घेत असे. इथे बोलावण्याजोगे पालक उरले नव्हते.

म्हणून मी ठरवले की विचारायचे नाही, वाचायचे. आमच्या वडिलांच्या कपाटात एका कप्तानाची जाडजूड कादंबरी होती. लहानपणी ती मी धाकटीला दोनदा वाचून दाखवली होती. तीच आता मी माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिला पाठवणार होते. ऐकताना आपण कशाला मुकलो आहोत हे तिला आपोआप कळेल आणि ती स्वतःहून बॅग भरेल, असा माझा हिशेब होता.

पहिले प्रकरण मी मोबाइलवर वाचले आणि माझ्या भाच्याकडे पाठवले. संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, तू पिंपात बसून वाचत होतीस का?"

"मी दिवाणखान्यात बसले होते."

"मग पिंप दिवाणखान्यात असेल. आणि मागे भांडी कोण घासत होतं? त्या बाईच्या मागे नाही बाई कोणी भांडी घासत."

हा घाव मी निमूटपणे सोसला, हे केवळ सूनबाई समोर होती म्हणून. तिने फोनमधले सारे ऐकले होते. मोबाइल मी नेहमीच जरा मोठ्या आवाजात ठेवते. ती म्हणाली, "आई, मोबाइलवर असंच होणार. आपण नीट माइक घेऊ आणि साउंडकार्ड घेऊ."

"ते कशाला?"

"माइकमधून आलेला आवाज कॉम्प्युटरला कळत नाही. साउंडकार्ड त्या आवाजाचे आकडे करतं, आणि ऐकायच्या वेळी आकड्यांचा परत आवाज."

माझ्या आवाजाचे आकडे होणार, ही कल्पना मला फारशी रुचली नाही. भाषा आणि गणित हे विषय मी शाळेतही कधी एका तासाला येऊ दिले नव्हते. परंतु पिंपाचा विषय निघाला होता. मी संमती दिली.

अशा वेळी संमती घरातच ठेवावी, शेजाऱ्यांना कळू देऊ नये. आमच्या समोरच्या घरात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अभियंते राहतात. सारे त्यांना टेलिफोनसाहेब म्हणतात आणि त्यांना ते आवडते. गृहस्थ सज्जन आहेत. मात्र निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारलेले नाही, त्यामुळे न विचारता सांगण्याची त्यांना सवय लागली आहे. सूनबाईने जिन्यात 'साउंडकार्ड' हा शब्द उच्चारला आणि दहाव्या मिनिटाला ते आमच्या दिवाणखान्यात होते.

"चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ. याच्या खाली उतरायचं नाही, बाई. मी सांगून ठेवतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या आवाजाचे एका सेकंदाला शहाण्णव हजार नमुने घेतले जाणार."

"मी सेकंदाला दोन-तीनच शब्द बोलते."

"काका, अठ्ठेचाळीस हजार भरपूर झाले," सूनबाई म्हणाली. "वाचायचंच तर आहे."

"वाचायचंच?" टेलिफोनसाहेब दुखावले. ते दुखावले की चहा बशीत ओततात. "उद्या बाईंच्या आवाजातले बारकावे राहून गेले म्हणजे? तेव्हा उरलेले अठ्ठेचाळीस हजार कुठून आणणार?"

बारकाव्यांचा मुद्दा मला पटला, हे मी नमूद करते. मग त्यांनी सात यंत्रांचा तुलनात्मक तक्ता करण्याचे काम अंगावर घेतले. तक्त्याला अकरा रकाने होते. दर दोन दिवसांनी ते एक यंत्र बाद करीत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर अन्याय झाला म्हणून परत घेत. तीन आठवड्यांनी तक्त्यात सातऐवजी नऊ यंत्रे होती. अखेर मी सूनबाईला म्हटले, "चल, दुकानात जाऊ." टेलिफोनसाहेब तक्ता घेऊन गाडीच्या मागच्या आसनावर बसले.

दुकान वाद्यांचे होते. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, मग सूनबाईकडे पाहिले, आणि तिला विचारले, "काय करता मॅडम? गाणं, पॉडकास्ट?"

"वाचन," मी सांगितले. "आणि माझ्याशी बोला. यंत्र मला हवे आहे."

तो बिचारा सरळ झाला. त्याने काचेवर दोन डब्या ठेवल्या, दिसायला सारख्या, साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या. "हे एका माइकचं. हे दोन माइकचं. आवाजाची प्रत तीच. तुम्ही एकट्याच वाचणार ना आजी? मग एकाचं घ्या, पुरेल."

"दोनाचे द्या."

"दुसरा माइक कोणासाठी?"

"एक जागा बिघडली तर दुसरी असावी."

"बाई, सॉकेट बिघडत नसतात," टेलिफोनसाहेबांनी तक्त्यातून मान वर काढली. "माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत..."

"दोनाचे द्या," मी पुन्हा म्हटले. सूनबाईने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. या मुलीला स्वयंपाकाची घाई आणि कपड्यांची निवड हे दोन्ही जमत नाही, पण कधी गप्प बसावे हे जमते, आणि ते शिकवून येत नाही. वाचकांपासून मात्र मी लपवणार नाही. दुसरी जागा कोणासाठी होती हे दुकानात तिला कळले होते, मलाही कळले होते. फक्त ते दुकानदाराला सांगण्याचे कारण नव्हते.

यंत्र घरी आले. आता वाचायला बसायचे एवढेच उरले, असा माझा समज झाला. परंतु यंत्र उघडण्याआधी त्याची नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी करणारा तक्ता टेलिफोनसाहेबांच्या तक्त्याचा थोरला भाऊ निघाला. कलाकाराचे नाव. संगीताचा प्रकार, त्या यादीत बावीस प्रकारचा गोंगाट होता, वाचन नव्हते. मी 'इतर' या अपमानास्पद शब्दावर समाधान मानले. मग जन्मवर्ष आले. वर्षांची यादी खाली खाली सरकवत गेले, तो माझ्या जन्माच्या चार वर्षे अलीकडे येऊन ती संपली. त्याच्या मागे, यंत्र बनवणाऱ्यांच्या मते, कोणी जन्मलेच नव्हते.

मी मदतकेंद्राला फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीने घेतला.

"मॅम, यादीतलं शेवटचं वर्ष टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघते आहे."

"मॅम, चारच वर्षांचा फरक आहे."

"त्या चार वर्षांत मी चालायला, बोलायला आणि उलट उत्तर द्यायला शिकले. ती गाळता येणार नाहीत."

"मग घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करता का?"

"आवाज माझा आणि नाव दुसऱ्याचे?"

पलीकडे थोडा वेळ संगीत वाजले. मी तीन परिच्छेदांचे पत्र लिहून पाठवले: पहिल्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात तत्त्व, तिसऱ्यात अपेक्षा. उत्तर लगेच आले. माझे म्हणणे त्यांच्यासाठी महत्त्वाचे होते, आणि मी त्यांच्या सेवेला पाचपैकी योग्य तितके तारे द्यावेत अशी विनंती होती. मी दोन दिले आणि शेरा लिहिला: 'सुधारणेस वाव आहे.' बारा दिवस ते यंत्र मेजावर निर्जीव पडून होते. तेराव्या दिवशी त्याचा हिरवा दिवा लागला. माझ्या पत्राचा परिणाम झाला, असे मी टेलिफोनसाहेबांना सांगितले आणि पत्राची प्रतही दाखवली. प्रत्यक्षात सूनबाईने गुपचूप स्वतःच्या नावे नोंदणी केली होती. हे तिने मला परवा सांगितले. मी तिला क्षमा केली आहे. तसे तिला अजून कळवलेले नाही.

ध्वनिमुद्रणाला शांत जागा हवी, म्हणून मागची खोली मी माझ्या हाताने उघडली. टेलिफोनसाहेबांच्या सल्ल्याने खिडकीला गादी उभी केली, दाराला रजई टांगली, आणि जिन्यात पुठ्ठ्यावर लिहून लावले: 'शांतता राखा. ध्वनिमुद्रण चालू आहे.' पहिल्या दिवशी दोन तास वाचले. काहीही मुद्रित झाले नाही. माइकला वीज पुरवण्याचे एक बटण यंत्रावर असते, ते दाबायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते दाबले, आणि इमारतीच्या पाण्याचा पंप प्रत्येक वाक्याबरोबर गुरगुरत राहिला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सचिवांची नोटीस आली: 'निवासी सदनिकेत विनापरवाना ध्वनिमुद्रणगृह चालविणेबाबत.'

अर्ध्या पानाच्या नोटिशीत एकच वाक्य होते आणि तेही पूर्ण झाले नव्हते. मी लाल शाईने दुरुस्त केले, दहापैकी चार गुण दिले आणि परत पाठवले. सचिव स्वतः वर आले.

"बाई, तक्रार आलीय. गाद्या कशाला लावल्यात खिडक्यांना?"

"बसा. तक्रार कोणी केली?"

"ते सांगता येत नाही."

"तळमजल्यावरच्यांनी केली. बरे, तुमचा पंप किती वाजता बंद असतो?"

"तीन ते साडेचार. का?"

"लेखी द्या."

तो माणूस चौकशीला आला होता आणि पंपाचे लेखी वेळापत्रक देऊन गेला. खाली, तीन ते साडेचार पंप सुरू करू नये, असा शेरा त्याने स्वतःहून लिहिला. मी त्याचे गुण वाढवून सहा केले.

आणि तरीही वाचन होईना. याचे कारण सांगताना मला संकोच वाटतो. कानांवर हेडफोन चढवून मी पहिले वाक्य उच्चारले, तो त्याच वेळी कानात दुसरी कोणी बाई तेच वाक्य बोलू लागली, माझ्या किंचित मागून. दुसरे कोणी बोलत असताना मी बोलत नाही आणि मी बोलत असताना दुसऱ्याला बोलू देत नाही. चौतीस वर्षांची शिस्त आहे. मी थांबले. तीही थांबली. मी सुरू केले. तिने सुरू केले. शाळेत माझी अशी नक्कल करणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभे केले असते. इथे वर्गाबाहेर कोणाला काढायचे, हाच प्रश्न होता.

"त्याला लेटन्सी म्हणतात," टेलिफोनसाहेब आनंदाने म्हणाले. अखेर त्यांच्या खात्यातला दोष सापडला होता. "आवाज कॉम्प्युटरपर्यंत जाऊन परत येतो, तेवढा उशीर. हे बटण इकडे फिरवलं की संपलं. आता वाचा."

मी वाचले. कानात माझा एकच आवाज, स्वच्छ, वेळेवर. अर्धे पान वाचून मी पुस्तक मिटले. डोके दुखते असे सांगितले आणि त्यांना घरी पाठवले.

लहानपणी मी वाचत असे तेव्हा धाकटी माझ्या कुशीला टेकून बसे आणि प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द माझ्या पाठोपाठ म्हणत असे. मी 'कप्तान धक्क्यावर उभा राहिला' म्हटले की मागून तिचे 'उभा राहिला' येई. मला त्याचा भयंकर राग होता. त्यापायी मी तिला चिमटे काढले आहेत, पुस्तक उंच फडताळावर ठेवले आहे, एकदा दोन दिवस अबोला धरला आहे. ती सवय मी मोडली आणि आपण तिला वळण लावले याचा मला बरीच वर्षे अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, पंप बंद झाल्यावर, मी ते बटण माझ्या हाताने परत जुन्या जागी फिरवले. वाक्य वाचायचे, मागचीचे बोलून होईपर्यंत थांबायचे, मग पुढचे वाक्य. तीन प्रकरणे अशी वाचली. टेलिफोनसाहेबांनी ती ऐकली आणि त्यांचा चहा बशीत गेला.

"बाई, प्रत्येक वाक्यानंतर खड्डा पडलाय! द्या इकडे, संध्याकाळपर्यंत सगळे कापून काढतो."

"हात लावायचा नाही."

"अहो, पण ऐकणाऱ्याला काय वाटेल?"

ते मलाही ठाऊक नव्हते. मी तशीच पाठवली.

तीन दिवस धाकटीचा फोन नाही. भाच्याने 'मिळाले मावशी' एवढे कळवले होते. मी फोन उशाशी ठेवत नाही, पण त्या तीन दिवसांत तो स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराशी आणि एकदा तांदळाच्या डब्यावर सापडला. ती परत त्या न थकणाऱ्या बाईकडे गेली असावी, अशी मी मनाची तयारी केली. चौथ्या दिवशी दुपारी फोनची घंटी वाजली.

"ताई, ऐकलं हं."

"बरं."

"तीन दिवस तेच ऐकतेय."

"पिंपातून येत नाही ना आता?"

"नाही गं. अगदी शेजारून येतं. आणि तू वाक्य संपलं की थांबतेस."

"यंत्राचा दोष आहे. दुरुस्त करून घेणार आहे."

"नको! दुरुस्त नको करू. तेवढ्यात मी म्हणते ना."

"काय म्हणतेस?"

"शेवटचे दोन शब्द."

सूनबाई दारात उभी होती. मी तिला हातानेच जायला सांगितले, आणि ती गेली नाही.

"पण ताई, गंमत सांगू? कप्तान 'दोर सोडा' म्हणतो ना, तिथे मी मुद्दाम 'दोर तोडा' म्हटलं. म्हटलं बघू, आता ओरडेल. तू आपली पुढेच वाचत गेलीस. पुन्हा लावून पुन्हा म्हटलं. तीनदा म्हटलं." तिचा आवाज बारीक झाला. "मग कळलं, तू इथे नाहीस."

"'सोडा' आहे ते," मी म्हटले. "दोर तोडला तर परत जहाज बांधणार कशाने? लहानपणापासून सांगते आहे, शब्द नीट ऐकत जा."

ती हसली. हसता हसता नाक ओढले, ते मला स्पष्ट ऐकू आले. मोबाइलमध्येही काही बारकावे येतात.

मी तिसऱ्यांदा विचारणार नव्हते. विचारलेही नाही. मी फक्त "ये" म्हटले.

ती म्हणाली, "ताई, तुझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं. मी आता धडकते गं. इथे दोन कप फोडले, एक फुलदाणी फोडली. तू मला काही बोलणार नाहीस, ठाऊक आहे. पण तुकडे उचलताना तू श्वास कसा सोडशील, तो मला ऐकू येईल. म्हणून बघू म्हणते."

एवढ्या वर्षांत मला माझ्याविषयी इतके नेमके कोणी सांगितले नव्हते. आणि सांगितले असते तर मी ऐकून घेतले नसते.

"मग धडक," मी म्हटले. "वस्तूंनी बाजूला व्हायचे असते. तू नाही."

भाच्याने तिकीट काढले आहे. चौथे प्रकरण मी अजून वाचलेले नाही, आणि टेलिफोनसाहेबांना ते का, हे सांगितलेलेही नाही. रोज तीन वाजता मी मागच्या खोलीत जाते, डोळे घट्ट मिटते आणि दारापासून खिडकीपर्यंत चालते. पहिल्या दिवशी तिपाईला धडकले. तिपाई बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी पुस्तकांची मांडणी लागली, ती चिरंजीवांकडून हलवून घेतली. काल पलंगाचा कोपरा गुडघ्यावर असा बसला की माझ्या तोंडून, एका माजी मुख्याध्यापिकेच्या तोंडून, एक शब्द गेला. सूनबाईने तो ऐकला आणि कोपऱ्याला जुन्या साडीची घडी बांधून दिली. आज डोळे मिटून तीनदा गेले, तीनदा आले, काही लागले नाही. गाडी यायला अजून सहा दिवस आहेत.